स्वातंत्र्याचे हप्ते

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या राष्ट्रपती भवनाचे पांढरे घुमट खचून खाली बसलेले, हे दृश्य बातम्यांमध्ये दिवसभर फिरत होतं. हैती नावाचा देश आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि तो पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश आहे हेही त्याच वाक्यात कळलं. पुढे जेव्हा जेव्हा हैतीची बातमी वाचली, तेव्हा हे विशेषण आडनावासारखं त्या देशाला चिकटलेलंच असायचं. तो गरीब का आहे, हे कुणी सांगत नव्हतं आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. काही देश थंड असतात तसे काही देश गरीब असतात, अशी काहीतरी माझी समजूत होती.

कारण सांगणारा एक माणूस मात्र होता. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी पॅट रॉबर्टसन या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने आपल्या कार्यक्रमात सांगितलं, की फ्रेंचांच्या तावडीतून सुटण्यासाठी हैतीच्या लोकांनी फार पूर्वी सैतानाशी करार केला होता आणि तेव्हापासून त्यांच्यावर एकामागून एक संकटं कोसळत आहेत. त्याच्यावर भरपूर टीका झाली. हा किस्सा मी बऱ्याच वर्षांनी वाचला, हसलो, आणि मग हैतीचा इतिहास वाचायला घेतला. तेव्हा लक्षात आलं, की एक करार खरोखरच झाला होता. त्याला तारीख आहे, रक्कम आहे, हप्त्यांचं वेळापत्रक आहे. समोरच्या बाजूला सैतानाऐवजी फ्रान्सचा राजा होता, एवढाच काय तो फरक.

त्या कराराची ही गोष्ट आहे. एखादा देश गरीब 'असतो' आणि एखादा देश गरीब 'केला जातो', या दोन वाक्यांमधलं अंतर मला या गोष्टीमुळे कळलं.

साखरेचं बेट

कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग १६९७ च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनी त्याला नाव दिलं सँ-दोमँग. तोच आजचा हैती. क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून जास्त कॉफी या एवढ्याशा तुकड्यातून जात होती. ही त्या काळातली जगातली सर्वांत किफायतशीर वसाहत मानली जाई. बोर्दो आणि नाँत या फ्रेंच बंदरांमधल्या व्यापाऱ्यांचे वाडे या साखरेवर उभे राहिले.

साखर पिकवणारे कोण होते? १७८९ च्या सुमारास इथे साधारण ३०,००० गोरे आणि जवळजवळ तितकेच स्वतंत्र मिश्रवंशीय व कृष्णवर्णीय लोक होते. गुलाम होते सुमारे पाच लाख. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली किंवा अशा आईबापांच्या पोटी जन्मलेली माणसं. उसाच्या चरकात हात जाणं, काहिलीतल्या उकळत्या रसाने भाजणं, ताप, उपासमार, फटके. इथल्या गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. तरीही संख्या घटत नव्हती, कारण दरवर्षी हजारो नवी माणसं विकत आणली जात होती. माणूस जगवण्यापेक्षा नवा विकत घेणं मळेवाल्यांना परवडत होतं.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर उठाव झाला. पुढची बारा-तेरा वर्षं या बेटावर जे घडलं ते त्याआधी जगात कुठेच घडलं नव्हतं. १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना गुलामगिरी संपल्याचं जाहीर करावं लागलं आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी संसदेने सगळ्याच वसाहतींमध्ये ती रद्द केली. एकेकाळी स्वतः गुलाम असलेला तूसँ लूव्हर्त्यूर सेनापती झाला, मग राज्यकर्ता झाला. नेपोलियनला हे मान्य नव्हतं. त्याने आपला मेहुणा लक्लेर्क याच्याबरोबर मोठी फौज पाठवली. तूसँला बोलणी करायला बोलावून दग्याने पकडलं आणि फ्रान्समधल्या डोंगरी किल्ल्यात नेऊन कोंडलं. एप्रिल १८०३ मध्ये तो तिथेच मेला. लक्लेर्क त्याआधीच पिवळ्या तापाने गेला होता. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईत दसालिनच्या सैन्याने उरलेल्या फ्रेंचांचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ ला नव्या देशाची घोषणा झाली. नाव ठेवलं हैती, बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं.

ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काही महिन्यांत दसालिनच्या हुकमाने बेटावर मागे राहिलेल्या हजारो फ्रेंचांची कत्तल झाली. पण गुलामांनी स्वतः लढून गुलामगिरी संपवली आणि त्यातून देश उभा केला, याचं जगातलं हे पहिलं उदाहरण, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे गुलामगिरीच्या अंताची गोष्ट सहसा अब्राहम लिंकनपासून सुरू होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या ८२ वर्षं आधी पेटलेला सँ-दोमँगचा उठाव मात्र माझ्या तरी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

चौदा युद्धनौका

१८०४ नंतरचा हैती हा वाळीत टाकलेला देश होता. शेजारच्या सगळ्या बेटांवर ब्रिटिश, फ्रेंच, स्पॅनिश मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत होते. अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच. हैतीला मान्यता देणं म्हणजे आपल्या गुलामांना 'तुम्हीही असं करू शकता' असं सांगणं. अमेरिकेने मान्यता दिली थेट १८६२ मध्ये, तीही दक्षिणेतली राज्यं फुटून यादवी युद्ध सुरू झाल्यावर. फ्रान्स तर हा देश अस्तित्वातच नाही असं धरून चालत होता. नकाशावर तो अजूनही त्यांचा होता आणि पॅरिसमध्ये बसलेले जुने मळेवाले नुकसानभरपाईसाठी सरकारच्या मागे लागले होते.

भरपाईची भाषा आधी फक्त एकाच बाजूने झाली असंही नाही. मान्यता मिळत असेल तर काही रक्कम द्यायची तयारी हैतीचे राज्यकर्ते पेत्यों यांनी १८१४ मध्ये दाखवली होती आणि त्यांच्यानंतर आलेल्या राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनीही वाटाघाटी केल्या होत्या. परत हल्ला होईल ही भीती किती खरी होती, हे त्यावरून कळतं. पण जुलै १८२५ मध्ये जे समोर आलं त्यात वाटाघाटीला जागा नव्हती.

फ्रान्सचा राजा शार्ल दहावा याने १७ एप्रिल १८२५ ला एक फर्मान काढलं होतं. ते घेऊन बॅरन द माको पोर्ट-ओ-प्रिन्सला आला. पाठोपाठ आरमार आलं. सगळ्या मिळून १४ युद्धनौका आणि पाचशेहून अधिक तोफा. फर्मानात तीनच कलमं होती. पहिलं, बंदरं सगळ्यांना खुली करा, पण फ्रेंच मालावर जकात निम्मीच घ्या. दुसरं, जुन्या वसाहतवाल्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी फ्रँक द्या, पाच समान वार्षिक हप्त्यांत, पहिला हप्ता त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला. तिसरं, या अटींवर तुम्हाला स्वातंत्र्य बहाल केलं जात आहे.

त्या फर्मानात 'हैती' हा शब्द कुठेही नाही. 'सँ-दोमँगच्या फ्रेंच भागातले सध्याचे रहिवासी' असा उल्लेख आहे. एकवीस वर्षं स्वतंत्र असलेल्या देशाचं नावसुद्धा न घेता त्याला त्याचं स्वातंत्र्य विकलं गेलं. ११ जुलैला ब्वाये यांनी ते स्वीकारलं.

१५ कोटी फ्रँक म्हणजे किती? याच नेपोलियनने १८०३ मध्ये उत्तर अमेरिकेतला लुईझियाना हा प्रचंड प्रदेश अमेरिकेला विकला होता. सँ-दोमँग हातचं जाताना दिसल्यावर तो प्रदेश ठेवण्यात त्याला फायदा उरला नव्हता. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, आजच्या भारताच्या जवळजवळ दोन तृतीयांश. किंमत ठरली ८ कोटी फ्रँक. आणि महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढ्या हैतीला स्वतःचीच जमीन आणि स्वतःचीच शरीरं ठेवून घेण्यासाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम सांगितली गेली. फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी यांच्या हिशोबाने हा आकडा हैतीच्या तेव्हाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिपटीहून जास्त होता. फ्रान्सच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत तोच आकडा जेमतेम दोन टक्के भरत होता.

शरीरं हा शब्द मी अतिशयोक्ती म्हणून वापरलेला नाही. भरपाई वाटण्यासाठी फ्रान्समध्ये १८२६ मध्ये कायदा झाला आणि मळेवाल्यांच्या मालमत्तेची किंमत १७८९ च्या हिशोबाने काढली गेली. त्या किमतीत जमीन, इमारती, कारखाने यांच्याबरोबर गुलामही धरले होते. म्हणजे ज्या माणसाने लढून स्वतःला सोडवलं, त्याच माणसाची किंमत त्याने, त्याच्या मुलांनी आणि नातवंडांनी जुन्या मालकाला चुकती करायची होती.

तीसचे चोवीस

पहिला हप्ता ३ कोटी फ्रँकचा. हैतीच्या तिजोरीत एवढे पैसे असणं शक्यच नव्हतं. मग पैसे आणायचे कुठून? तर पॅरिसमधूनच. तिथल्या बँकवाल्यांकडून हैतीने ३ कोटी फ्रँकचं कर्ज काढलं. रोख्यांची दर्शनी किंमत १,००० फ्रँक होती आणि ते ८०० ला दिले गेले. म्हणजे कर्ज ३ कोटींचं, हातात आले २ कोटी ४० लाख. वरचे ६० लाख सुरुवातीलाच कापले गेले, आणि व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं एखादं ॲप ज्यांनी कधी वापरलं असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल. मंजूर दहा हजार, प्रोसेसिंग फी कापून खात्यात आठ हजार, परतफेड दहा हजारांची अधिक व्याज. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गावचा सावकारही व्याज असंच आधी कापून घ्यायचा. पद्धत तीच आहे. फरक एवढाच, की इथे कर्ज घेणारा अख्खा देश होता आणि ते कर्ज त्याने काही बांधायला किंवा पेरायला घेतलेलं नव्हतं. फ्रान्सने घातलेला दंड भरायला फ्रान्समधूनच पैसे उसने घेतले होते. जे आले ते त्याच बंदराकडे परत गेले. इतिहासकार याला 'दुहेरी कर्ज' म्हणतात. एक भरपाईचं, दुसरं भरपाई भरायला काढलेलं.

हा हिशोब हैतीत कुणाच्या पानात उतरला? शेतकऱ्याच्या. ब्वाये यांनी नवे कर लावले आणि कागदी चलन छापलं. १८२६ मध्ये त्यांनी 'ग्रामीण कायदा' आणला. त्यानुसार शेतमजुराला परवानगीशिवाय मळा सोडून जाता येत नव्हतं. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या पिढीला, त्या स्वातंत्र्याचे हप्ते भरता यावेत म्हणून, पुन्हा जमिनीला बांधायचा प्रयत्न झाला. तो फारसा यशस्वी झाला नाही. लोक डोंगरात गेले, छोट्या तुकड्यांवर स्वतःपुरतं पिकवू लागले. पण कॉफी विकायची तर ती बंदरातूनच जायची आणि बंदरावर निर्यात कर होता. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार तोच. डोंगरावरचा शेतकरी पॅरिसच्या देण्याचा हप्ता कॉफीच्या प्रत्येक पोत्यामागे भरत राहिला.

ठरल्याप्रमाणे हप्ते भरणं अशक्यच होतं. हैतीने ते थकवले. १८३८ मध्ये फ्रान्सने नवा तह केला आणि उरलेली भरपाई ६ कोटींवर आणली, तीस वर्षांत फेडायची. आकडा कमी झाला म्हणून याला उदारपणा म्हणायचं, तर सावकाराने न वसूल होणारं व्याज सोडलं यालाही उदारपणा म्हणावं लागेल. पुढची पन्नास वर्षं हैती भरत राहिला. मूळ दुहेरी कर्ज पूर्ण फिटलं १८८८ मध्ये.

२०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकारांनी जुने दस्त चाळून प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची बेरीज केली. ती सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक निघाली, आजच्या हिशोबात अंदाजे ५६ कोटी डॉलर.

जुनं फेडायला नवं

गोष्ट १८८८ ला संपली असती तरी पुरेशी वाईट होती. पण कर्जात अडकलेल्या माणसाचं जे होतं तेच देशाचंही होतं. जुनं फेडायला नवं काढावं लागतं आणि प्रत्येक नव्या कर्जावर मधल्यांचा हात फिरतो. १८७४ आणि १८७५ मध्ये हैतीने पॅरिसमध्ये पुन्हा कर्जं काढली. १८७५ च्या कर्जातला सुमारे ४० टक्के भाग बँकवाल्यांनी सुरुवातीलाच काढून घेतला. उरलेल्यातला बराच जुन्या देण्यांकडे गेला आणि काही हैतीतल्या सत्ताधाऱ्यांच्या खिशात.

१८७५ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने माहीत असेल. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जाचे कागद ताब्यात घेतले आणि जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. जाळायला कागद समोर तरी होते. हैतीच्या कॉफीवाल्या शेतकऱ्याचं खत समुद्रापलीकडे पॅरिसच्या तिजोरीत होतं, आणि ते आपल्या नावावर आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

१८८० मध्ये 'नॅशनल बँक ऑफ हैती' स्थापन झाली. नाव राष्ट्रीय, मुख्य कचेरी पॅरिसमध्ये, मालकी फ्रेंच बँकेची. १८७५ चं कर्ज दिलेल्या 'क्रेदी इंदुस्त्रिएल ए कोमेर्सिअल' या बँकेनेच ती उभी केली होती. हैती सरकारचे पैसे या बँकेत ठेवायचे आणि ठेवताना-काढताना तिला दलाली द्यायची. याच फ्रेंच बँकेने त्या काळात आयफेल टॉवरच्या बांधकामालाही पैसा पुरवला. पॅरिसला जाऊन आलेल्या माझ्या अर्ध्या मित्रांचे डीपी त्या टॉवरसमोरचे आहेत. टॉवर हैतीच्या पैशाने बांधला असं म्हणणं चूक ठरेल. एकाच बँकेच्या वहीत शेजारशेजारच्या पानांवर ही दोन खाती होती, एवढं मात्र खरं.

१९११ पर्यंत परिस्थिती अशी झाली होती, की कॉफीच्या करातून आलेल्या दर ३ डॉलरमधले २ डॉलर ५३ सेंट फ्रेंच गुंतवणूकदारांच्या देण्यात जात होते. उरलेल्या ४७ सेंटमध्ये शाळा, रस्ते, दवाखाने, सैन्य, पगार.

सोनं घेऊन जाणारं जहाज

विसाव्या शतकात सावकार बदलला. न्यूयॉर्कच्या 'नॅशनल सिटी बँके'ने हैतीच्या राष्ट्रीय बँकेत हिस्सा घेतला. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेचे नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले, बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं पेट्यांत भरलं आणि 'मकायस' या युद्धनौकेवर चढवून न्यूयॉर्कला नेलं. सोनं हैती सरकारचं होतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांचा जमावाने खून केला आणि सुव्यवस्थेचं कारण सांगून अमेरिकी सैन्य आलं, ते एकोणीस वर्षं राहिलं.

१८०५ पासून हैतीच्या राज्यघटनेत गोऱ्या परदेशीयांना जमीन घ्यायला बंदी होती. मळेवाले परत येऊ नयेत म्हणून. अमेरिकी ताब्यातल्या १९१८ च्या घटनेने परदेशीयांना जमीन घेण्याची मुभा दिली. रस्ते बांधण्यासाठी एक जुना कायदा उकरून वेठबिगारी सुरू केली गेली. बंदुका रोखून, दोरीने बांधून माणसं कामावर नेली गेली. ज्यांचे आजे-पणजे गुलामगिरीतून लढून सुटले होते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. शार्लमेन पेराल्त याच्या नेतृत्वाखाली बंड झालं. १९१९ मध्ये त्याला ठार मारून त्याच्या मृतदेहाचा दरवाज्याला टेकवलेला फोटो काढला गेला आणि लोकांनी धडा घ्यावा म्हणून वाटला गेला.

१९२२ मध्ये अमेरिकी ताब्यातल्या हैतीने न्यूयॉर्कमधून १ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज काढलं, बरंचसं जुनी देणी फेडायला. सैन्य १९३४ मध्ये गेलं. तिजोरीवरची अमेरिकी देखरेख मात्र १९४७ पर्यंत राहिली, ते कर्ज फिटेपर्यंत. १८२५ च्या फर्मानापासून मोजलं तर १२२ वर्षं.

मग सगळा दोष बाहेरच्यांचाच?

इथे एक रास्त प्रश्न येतो, आणि मी स्वतःला तो बरेचदा विचारला आहे. हिस्पॅनिओलाच्या पूर्वेकडच्या भागात डोमिनिकन रिपब्लिक आहे. बेट तेच, वादळं तीच. त्या देशावरही परकीय कर्ज होतं, तिथेही अमेरिकी सैन्य १९१६ ते १९२४ होतं. १९६० च्या सुमारास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न फारसं वेगळं नव्हतं. आज डोमिनिकन रिपब्लिक हैतीच्या कितीतरी पुढे आहे. मग १८२५ ला दोष कसा द्यायचा?

याचं प्रामाणिक उत्तर असं, की सगळा दोष देता येत नाही. १९५७ ते १९८६ ही वर्षं हैतीत फ्रांस्वा दुव्हालिए आणि त्याचा मुलगा ज्याँ-क्लोद यांच्या हुकूमशाहीत गेली. माणसं मारली गेली, शिकलेले लोक देश सोडून गेले, तिजोरी लुटली गेली. हे हैतीच्याच राज्यकर्त्यांनी केलं. त्याआधीही राजधानीतला छोटा वरचा वर्ग कर गोळा करणं आणि सत्ता मिळवणं यापलीकडे फारसं काही करत नव्हता.

पण त्या वर्गाची घडणही कर्जापासून वेगळी काढता येत नाही. ज्या राज्याचं पहिलं काम शंभर वर्षं 'कर गोळा करा आणि बाहेर पाठवा' हे असतं, ते शाळा बांधायला शिकत नाही. नागरिक आणि सरकार यांचं नातं तिथे कर भरणारा आणि कर ओढणारा एवढंच उरतं. अशा राज्यात जो सत्तेवर येतो त्याला लुटायची यंत्रणा तयारच मिळते. दुव्हालिए बापलेकांनी ती वापरली, आणि शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्टविरोधी म्हणून अमेरिकेने त्यांना बराच काळ चालवून घेतलं. १९८६ मध्ये धाकटा दुव्हालिए पळाला तो अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून, आणि जाऊन राहिला फ्रान्समध्ये.

बाहेरून होणारे निर्णय त्यानंतरही थांबले नाहीत. १९९० च्या दशकाच्या मध्यात हैतीने आयात तांदळावरचा कर ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. अमेरिकेत सरकारी अनुदानावर पिकलेला स्वस्त तांदूळ आला आणि हैतीचा भात उत्पादक शेतकरी बसला. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या धोरणाबद्दल चूक कबूल केली. अर्कान्सामधल्या आपल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण हैतीची स्वतःला खाऊ घालायची ताकद गेली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आपल्या वहीतलं पान

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, की असा उलटा हिशोब आपण कुठेतरी पाहिला आहे. पाहिला होताच. १८३३ च्या चार्टर ॲक्टने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद केला, पण भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश चालू ठेवला. तो द्यायचा होता हिंदुस्थानच्या महसुलातून. कंपनीचं भांडवल ६० लाख पौंड, म्हणजे दरवर्षी ६ लाख ३० हजार पौंड. १८५८ मध्ये राणीचं राज्य आलं, तरी हा भार तसाच राहिला. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चसुद्धा हिंदुस्थानच्याच नावावर लिहिला गेला. १८७४ मध्ये भागधारकांना शंभराच्या भागाला दोनशे पौंड देऊन कंपनी बंद केली. आपल्याला जिंकणाऱ्यांचा लाभांश आपल्या शेतसाऱ्यातून गेला.

हे आकडे मांडून दाखवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले. १८६७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी वाचलेल्या निबंधाचा विषय होता, 'इंग्लंडचं हिंदुस्थानला असलेलं देणं'. या शीर्षकातच खरी गंमत आहे. सगळे म्हणत होते की हिंदुस्थान इंग्लंडचा देणेकरी आहे. दादाभाईंनी वही उलटी धरली.

४८ सेंट

हैतीची वहीही एकाने उलटी धरून पाहिली. ७ एप्रिल २००३ ला, तूसँच्या मृत्यूला २०० वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे ही रक्कम परत मागितली. आकडा होता २१,६८,५१,३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटची खूप चेष्टा झाली. पुढच्या फेब्रुवारीत सशस्त्र बंडाच्या धामधुमीत आरिस्तीद यांना अमेरिकेने पुरवलेल्या विमानातून देश सोडावा लागला आणि नंतर आलेल्या सरकारने ती मागणी सोडून दिली. २०१५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांनी 'देणं फेडण्याची' भाषा केली. काही तासांतच त्यांच्या माणसांनी खुलासा केला, की हे देणं नैतिक आहे, पैशाचं नाही. १७ एप्रिल २०२५ ला, फर्मानाला बरोबर २०० वर्षं झाली तेव्हा, अध्यक्ष माक्राँ यांनी अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैशाचा शब्द काढला नाही.

मी एका रात्री एक्सेल उघडून बसलो होतो. २०० वर्षं चक्रवाढ लावायची. दोन टक्क्यांनी एका रुपयाचे सुमारे ५२ होतात. तीन टक्क्यांनी ३७० च्या आसपास. पाच टक्क्यांनी १७,००० पेक्षा जास्त. एका चौकटीतला आकडा बदलला की अख्ख्या देशाचं देणं शंभरपट बदलतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने, हा पैसा हैतीतच राहिला असता तर अर्थव्यवस्थेत किती भर पडली असती, याचा अंदाज काढला. तो २१०० कोटी डॉलरपासून ११,५०० कोटी डॉलरपर्यंत जातो. खालची बाजू आरिस्तीद यांच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. ज्या माणसावर हसले, तो फार चुकला नव्हता.

दर किती लावायचा यावर वाद होऊ शकतो. कुणी कुणाला द्यायचं, दोनशे वर्षांनी कोण वारस ठरतो, आज पैसे दिले तर टोळ्यांनी वेढलेल्या पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ते कुणाच्या हातात जातील, हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि माझ्याकडे त्यांची उत्तरं नाहीत. पण हे व्याजाचे वाद आहेत. मुद्दलाबद्दल वाद नाही. ११ कोटी २० लाख फ्रँक. कुणी भरले, कुणाला भरले आणि कशासाठी भरले, ते सगळं लिहिलेलं आहे.

सातवीत ऐकलेलं ते वाक्य अजूनही बातम्यांमध्ये येतं. पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश. ते चूक नाही. पण आता ते वाचलं की माझ्या मनात त्याच्यापुढे आणखी एक वाक्य आपोआप जोडलं जातं: या देशाने १८८८ पर्यंत आपल्याच माणसांची किंमत त्यांच्या जुन्या मालकांना हप्त्याहप्त्याने चुकती केली.